छत्रपती प्रतापसिंह महाराज : साताऱ्याहून काशीला

काशीला जाऊन आलेली मंडळी आपल्या सोसायटीत कमी नाहीत. कुणी ट्रॅव्हल कंपनीबरोबर गेले, कुणी मुलांनी विमानाचं तिकीट काढून दिलं म्हणून गेले. बहुतेकांच्या देवघरात गंगेचा तो लहानसा तांब्याचा सीलबंद गडू असतोच. तो कधी फोडायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण बोलत कुणी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी तर काशीला निघालेला माणूस परत येईल याची खात्री नसे. गावाच्या वेशीपर्यंत लोक पोचवायला जात, बायका डोळे पुसत, आणि तरीही त्या माणसाचा हेवा वाटे. काशीत मरण आलं तर पुन्हा जन्म नाही, ही श्रद्धा घट्ट होती.

अशी काशी एका माणसाला शिक्षा म्हणून मिळाली. तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला, आणि साधासुधा नव्हे, साताऱ्याच्या गादीचा छत्रपती. आज साताऱ्यात त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे, वाचनालय आहे, प्रतापगंज पेठ आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत पहिलं पाऊल टाकलं, तीच ही राजवाड्यातली शाळा, आताचं प्रतापसिंह हायस्कूल. नाव रोज तोंडी येतं. पण ते प्रतापसिंह कोण, त्यांचं काय झालं, हे विचारलं तर आपल्या मुलांनाच काय, आपल्यापैकी अनेकांनाही नीट सांगता येणार नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा हाच विषय घ्यायचा असं ठरवलं.

प्रतापसिंहांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. वडील दुसरे शाहू महाराज. गादी शिवछत्रपतींच्या घराण्याची, पण सत्ता सगळी पुण्याला पेशव्यांच्या हातात. छत्रपती म्हणजे साताऱ्यात मानाने ठेवलेले कैदी, असं म्हटलं तरी फार वावगं होणार नाही. १८०८ मध्ये वडील वारले आणि पंधराव्या वर्षी प्रतापसिंह छत्रपती झाले. नावापुरते. दुसऱ्या बाजीरावाची इंग्रजांशी लढाई जुंपली तेव्हा त्याने आधी या राजकुटुंबाला वासोट्याच्या किल्ल्यावर नेऊन ठेवलं, आणि पुढे पळापळ सुरू झाल्यावर आपल्याबरोबर गावोगाव फिरवलं. वासोटा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कल्पना येईल. आजही तिथे जायला बोटीतून उतरून जंगलातून चढावं लागतं. २० फेब्रुवारी १८१८ ला सोलापूरकडच्या आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, बाजीराव निसटला आणि छत्रपतींचं कुटुंब इंग्रजांच्या हाती आलं. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्याला आणून गादीवर बसवलं. वय पंचवीस.

इंग्रजांनी हे प्रेमापोटी केलं नाही, हे सांगायला नको. पेशवाई बुडाल्यावर मराठी मुलखात असंतोष होऊ नये म्हणून शिवाजी महाराजांच्या वंशाला एक छोटं राज्य द्यायचं, असा एल्फिन्स्टनचा हिशेब. २५ सप्टेंबर १८१९ ला तह झाला. या तहातलं एक कलम पुढे सगळं उलटंपालटं करणारं ठरलं. रेसिडेंटला कळवल्याशिवाय राज्याबाहेरच्या कुणाशीही महाराजांनी पत्रव्यवहार करायचा नाही, असं ते कलम. मोडलं तर राज्य जाणार. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ, तोच ज्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला. त्याच्या देखरेखीखाली महाराजांनी कारभार शिकून घेतला आणि १८२२ मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले.

आता हा माणूस कसा होता? तर कामाचा. रोज स्वतः कचेरीत बसायचा, हिशेब बघायचा, रोजनिशी ठेवायचा. साताऱ्यात शाळा काढली, तिच्यात इंग्रजीही शिकवायची सोय केली. हे सगळं १८५७ च्या कितीतरी आधी, मुंबई विद्यापीठ वगैरे जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारा रस्ता त्यांनी बांधला. पुढे १८२९ मध्ये इंग्रजांना थंड हवेसाठी महाबळेश्वर हवं झालं, तेव्हा त्याच्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेऊन महाराजांनी ते दिलं. कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांना त्यांचा कारभार इतका पसंत पडला की १८३५ मध्ये त्यांनी गौरवाचं पत्र आणि एक तलवार महाराजांसाठी पाठवली. ती मुंबईपर्यंत आली. महाराजांना मात्र ती कधीच दिली गेली नाही.

का दिली गेली नाही? कारण तोपर्यंत मुंबई सरकारशी बिनसलं होतं. भांडण जहागिऱ्यांचं. तहात साताऱ्याच्या राज्याखाली काही जहागीरदार होते : फलटण, अक्कलकोट, पंत प्रतिनिधी, पंत सचिव वगैरे. एखादा जहागीरदार वारला की त्याच्या वारसाचा प्रश्न छत्रपतींनी ठरवायचा की कंपनीने? महाराज म्हणत, तह वाचा. लंडनच्या डायरेक्टरांनीही या बाबतीत महाराजांच्या बाजूने कौल दिला होता, पण मुंबईकरांनी तो अमलातच आणला नाही. वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक खालच्या ऑफिसात फाईलला लागून पडावं, तसा प्रकार. महाराज मात्र मागे लागले. पत्रावर पत्र, स्मरणपत्रावर स्मरणपत्र. मुंबईकडून दाद लागत नाही म्हणून त्यांनी थेट विलायतेला वकील पाठवायचं ठरवलं. इथे मुंबईचे साहेब दुखावले. मला स्वतःला वाटतं की खरा गुन्हा घडला तो एवढाच.

बाकीचे आरोप १८३६ पासून उभे राहिले. साताऱ्यातल्या तेविसाव्या पलटणीच्या देशी सुभेदारांना महाराजांनी फितवलं, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं. चौकशीला तिघांचं कमिशन बसलं. ती चौकशी बंद दाराआड झाली, आणि साक्षीदार कोण, ते काय बोलले, याचे कागद महाराजांना नीट मिळालेच नाहीत. महाराजांच्या दिवाणाला, गोविंदरावांना, पकडून कैदेत टाकलं. त्यांच्या आईच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे आला, त्यात मुलाच्या आणि महाराजांच्या कारस्थानाची माहिती होती. या अर्जाबद्दल पुढे फार शंका निघाल्या. पुण्याचे बाळाजीपंत नातू या सगळ्यात इंग्रजांच्या बाजूने वावरत होते. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लावणारे म्हणून ज्यांचं नाव इतिहासात राहिलं, तेच हे.

कमिशनवरचा एक सभासद होता लॉडविक. आपण महाबळेश्वरला जातो, लॉडविक पॉईंटला उभं राहून फोटो काढतो, तो हाच लॉडविक. त्या वेळी तो साताऱ्याचा रेसिडेंट होता. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, हाच माणूस पुढे इंग्लंडला गेल्यावर महाराजांच्या बाजूने बोलला. त्याच्या जागी रेसिडेंट म्हणून ओव्हान्स आला, आणि आरोपांची फाईल जाड होत गेली.

१८३९ मध्ये मुंबईला नवा गव्हर्नर आला, सर जेम्स कर्नाक. मुंबईत कर्नाक बंदर, कर्नाक पूल ही नावं ज्याच्यावरून पडली तो. तो ऑगस्टमध्ये स्वतः साताऱ्याला आला आणि महाराजांना भेटला. त्याने एक तोडगा पुढे ठेवला. आरोप मागे पडतील, शिक्षा होणार नाही, गादी राहील. महाराजांनी फक्त एका कागदावर सही करायची. तहाचा भंग आपल्याकडून झाला हे मान्य, इथून पुढे तह काटेकोर पाळू, एवढंच.

बँकेत माझी छत्तीस वर्षं सह्या बघण्यात गेली. माणसं न वाचता सही करतात. कर्जाच्या कागदांवर करतात, जामीन म्हणून करतात, कुणीतरी बोट ठेवलं की तिथे करतात. समोर काही लाखांचा प्रश्न असला तर वाचलं तरी करतात. इथे राज्याचा प्रश्न होता. आजूबाजूच्या शहाण्यासुरत्या माणसांनी महाराजांना सही करून मोकळं व्हा असा सल्ला दिला असणार, यात मला शंका नाही. आणि व्यवहार बघितला तर तो सल्ला चूकही नव्हता. पण महाराजांचं म्हणणं सरळ होतं. जे मी केलंच नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही. आरोप असेल तर उघड चौकशी करा, कागद दाखवा, साक्षीदार समोर आणा. त्यानंतर राज्य गेलं तरी चालेल. दोघांच्या पुन्हा पुन्हा भेटी झाल्या. सही झाली नाही.

५ सप्टेंबर १८३९. ओव्हान्स फौज घेऊन राजवाड्यात आला. महाराजांनी आपल्या लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की कुणी हत्यार उचलायचं नाही. कुणी उचललंही नाही. छत्रपतींना पालखीत बसवून साताऱ्याबाहेर काढलं आणि लिंबला नेऊन पहाऱ्यात ठेवलं. गादीवर त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आलं. लिंब म्हणजे बारा मोटेच्या विहिरीचं लिंब, कृष्णाकाठचं. आपल्या राज्यातला महाराजांचा शेवटचा मुक्काम तो. तिथून पुढे काशी.

काशीच का? इंग्रजांनी याचा विचार पुरता केलेला असणार. एक तर साताऱ्यापासून दीड हजार किलोमीटरच्या घरात. मधे गोदावरी, नर्मदा, किती डोंगर, किती संस्थानं. मराठी माणूस तिथे बंड करायला कुठून येणार? दुसरं म्हणजे, राजाला किल्ल्यात डांबला तर लोक हळहळतात, चिडतात. काशीला पाठवला तर काय बोलणार? पुण्यक्षेत्रीच तर गेले! कूर्गच्या राजाला १८३४ मध्ये पदच्युत केलं, त्यालाही पुढे काशीतच ठेवलं होतं. आणि त्याच गंगेच्या काठी, वरच्या अंगाला, ब्रह्मावर्तात दुसरा बाजीराव पेन्शन खात बसला होता. तो १८५१ पर्यंत जिवंत होता. म्हणजे छत्रपती आणि त्यांचा शेवटचा पेशवा, दोघेही एकाच वेळी गंगाकाठी इंग्रजांच्या नजरेखाली. ज्या पेशव्याने तरुणपणी यांना वासोट्यावर ठेवलं तोच.

वर्ष संपता संपता काफिला निघाला. महाराज, राण्या, मुलगी, आप्त, नोकरचाकर, आणि सभोवती पलटणीचा पहारा. बरोबर त्यांचे नातलग बाळासाहेब सेनापती होते. ते आजारी होते. प्रवास त्यांना झेपला नाही आणि वाटेतच त्यांनी देह ठेवला. एका यात्रेकरूचं वाटेत मरण आणि एका कैद्याचं वाटेत मरण, यात बाहेरून काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे लाकडं गोळा करावी लागतात आणि तांडा पुढे निघतो. पुढे महाराजांनी याच बाळासाहेबांच्या मुलाला दत्तक घेतलं. तीनेक महिन्यांच्या वाटचालीनंतर १८४० च्या उन्हाळ्याच्या तोंडी मंडळी काशीला पोचली.

काशी मराठी माणसाला परकी कधीच नव्हती. पैठणहून गेलेलं भट्ट घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतं. विश्वेश्वराचं देऊळ अहल्याबाईंनी उभं केलेलं. नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी बोलणं कानावर पडे. सकाळी गंगेवर गेलं तर तर्पण करणाऱ्यांत चार पगड्या ओळखीच्या दिसाव्यात. पण एक गोष्ट महाराजांच्या मनात आल्याशिवाय राहिली नसेल असं मला वाटतं. १६७४ मध्ये याच काशीहून गागाभट्ट रायगडावर आले आणि त्यांनी घराण्याच्या मूळ पुरुषाच्या मस्तकावर छत्र धरवलं. एकशे पासष्ट वर्षांनी त्याच घराण्याचा छत्रपती, छत्र काढून घेतल्यावर, काशीत येऊन राहिला.

माणूस काशीला जातो तो संसार सोडायला. निदान तशी रीत. राग, लोभ, मानापमान गंगेत सोडायचे आणि हलकं व्हायचं. आपल्यातले काही तिथे जाऊन आवडती भाजी सोडून येतात, तेही त्यातलंच लहान रूप. महाराज धार्मिक होते, स्नान-दान त्यांनी केलंच असणार. पण एक गोष्ट त्यांनी गंगेत सोडली नाही. ती म्हणजे आपली फिर्याद. काशीत राहून त्यांनी साडेसात वर्षं एकच धरून ठेवलं, की माझी चौकशी करा. राज्य परत द्या हे दुय्यम. आधी चौकशी.

कुणी याला हट्ट म्हणेल. मोक्षाच्या नगरीत बसून कोर्टकचेरी कसली, असंही म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्यांच्यावर लागलेला डाग एकट्या त्यांच्या नावावर नव्हता, गादीच्या नावावर होता. तो तसाच ठेवून डोळे मिटायचे, हे त्या माणसाच्या स्वभावात बसत नव्हतं. कचेरीत बसून रोज हिशेब जुळवणारा माणूस तो. खात्यात चुकीची नोंद राहिली तर झोप न येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची जात हीच.

ही फिर्याद लंडनमध्ये लढवत होते रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याजवळच्या कारी गावचे. महाराजांची बाजू मांडायला म्हणून ते निघाले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. कोण कुठला कारी गावचा माणूस! विलायतेच्या थंडीत, परक्या भाषेत, परक्या जेवणात तेरा-चौदा वर्षं. इंग्रजी शिकले, पत्रकं छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांना हजेरी लावली, पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरठे झिजवले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांसारखी तिकडची भली माणसं महाराजांसाठी उभी राहिली. साताऱ्याचा एके काळचा रेसिडेंट जनरल ब्रिग्जही बाजूने बोलला. मत पडायची वेळ आली की दर वेळी बहुमत विरुद्ध. भागधारकांची सभा म्हणजे काय असते हे आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेवरूनही थोडं लक्षात येईल. मुद्दा बरोबर असून भागत नाही, हात वर व्हावे लागतात.

काशीत महाराजांवर देखरेखीला मेजर कार्पेंटर नावाचा अधिकारी होता. पहारेकरी म्हणून नेमलेला माणूस. त्याने वर्षानुवर्षं त्यांना जवळून पाहिलं, त्यांचे कागद वाचले, आणि शेवटी त्याची खात्री पटली की या राजाला न्याय मिळालेला नाही. त्याने तसं वर लिहून कळवलंही. ज्याच्या पहाऱ्यात आपण आहोत त्यालाच आपण खरे वाटावे, यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा होता? पण कलकत्त्याला तो पुरेसा वाटला नाही. चौकशी झाली नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराजांचं काशीत निधन झालं. वय चोपन्न. आपण कोरेगावहून साताऱ्याला जाताना माहुलीला कृष्णा ओलांडतो. तिथे संगमावर, कृष्णा-वेण्णेच्या काठी, साताऱ्याच्या राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. थोरल्या शाहू महाराजांना तिथेच अग्नी दिला. कृष्णेलाही आपल्याकडे गंगाच मानतात, कन्यागतात दर बारा वर्षांनी गंगा वाईला येते असं आपण म्हणतोच. ज्याला काशीचं मरण हवं असतं त्याला ते दैवाने मिळतं. महाराजांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी माहुलीच मागितली असती असं मला राहून राहून वाटतं. पण ते विचारणार कोण?

पुढचा हिशेब लवकर आटोपला. ५ एप्रिल १८४८ ला शहाजी महाराज वारले. त्यांनाही औरस मुलगा नव्हता. मरताना त्यांनी दत्तक घेतला होता, पण डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८४९ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. म्हणजे बघा, सही केलेली असती तरी प्रतापसिंहांच्या मागे हेच झालं असतं, कारण त्यांनाही मुलगा नव्हता. ती सही करून फार तर आठ वर्षं गादी राहिली असती. कोरेगाव, रहिमतपूर, आपला सगळा मुलूख त्यानंतर थेट कंपनीच्या अमलाखाली आला.

रंगो बापूजी परत आले तेव्हा ज्यांचा खटला घेऊन ते गेले होते ते महाराज नव्हते, गादी नव्हती, राज्यही नव्हतं. अर्ज करून, सभा गाजवून, कायद्याने जे जे करता येतं ते सगळं त्यांनी करून बघितलं होतं. १८५७ मध्ये ते साताऱ्यात उठावाच्या तयारीला लागले. बेत आधीच फुटला. ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. प्रतापसिंहांच्या राजकुटुंबालाही तेव्हा पुन्हा एकदा साताऱ्याबाहेर नेलं गेलं. रंगोबांना पकडून देणाऱ्याला सरकारने बक्षीस लावलं, गावोगाव शोध घेतला. ते सापडले नाहीत.